यमूताईने मागितलेली पहार

आमच्या घरी वेळ कळायची ती उघाडीच्या आवाजावरून. खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून गावाने मातीचा लांबलचक बांध घातला होता, आणि त्या बांधात बसवलेलं लाकडी दार म्हणजे उघाडी. ओहोटीला शेतातलं पाणी ते दार ढकलून बाहेर जायचं, भरती आली की खाडीच्या रेट्याने तेच दार धप्पकन मिटायचं. तो आवाज आमच्या पडवीपर्यंत यायचा आणि आई भाकरीचा तवा चुलीवर चढवायची. तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण, मधूनच खाडीतली चिंबोरी, हे आमचं जेवण. पंगतीत बाबा भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसत. दाराकडे पाठ करून जेवताना मी त्यांना कधीच पाहिलं नाही. मोठ्या लढाईत ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आलेले होते ते. उजव्या हाताची दोन बोटं तिकडेच राहिली. गावात त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे, सगळे हवालदार म्हणत.

आमचं गाव थोरली खार. खाडीपलीकडचं धाकटी खार. दोन्ही बांध समोरासमोर, मध्ये खाडीचा पट्टा. ओहोटीला गुडघाभर चिखल तुडवत पलीकडे जाता येई, भरतीला होडी. माझी थोरली बहीण यमूताई धाकट्या खारेत दिली होती. तिच्या सासरचं शेत बांधाला अगदी लागून, म्हणजे बांधाला काही झालं तर पहिलं पाणी तिच्या भातात. लग्नाच्या वेळी आई कुरकुरली होती, पण बाबा म्हणाले, ‘‘नजरंसमोर तर हाय.’’ खरंच होती. सकाळी ती ओट्यावर सारवण करायला वाकली तरी आम्हाला बांधावरून तिचं लुगडं ओळखू यायचं. आई हात वर करायची, ती हात वर करायची. बोलणं असं नाहीच, पण आईचा दिवस त्यावर चांगला जायचा.

बाबांची एक गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ब्रह्मदेशात एका नदीपलीकडे त्यांना धूर दिसला. शत्रू आहे की गावकरी रांधतायत ते कळेना. त्यांचा साहेब म्हणाला, खात्री होऊ द्या. ते थांबले, आणि पहाटे शत्रूच त्यांच्यावर चालून आला. बाबांचा जिवाभावाचा मित्र सखाराम त्यांच्या मांडीवर गेला, बोटंही तेव्हाच गेली. पुढे पुन्हा कुठेतरी तसाच धूर दिसला तेव्हा त्यांनी वाट पाहिली नाही. आधी मारलं, आणि तुकडीतले सगळे जिवंत परतले. ‘‘आधी मारलं म्हनून तुमचा बाप तुमच्यासमोर जेवतोय,’’ असं म्हणून ते भाकरीचा तुकडा मोडत. ही गोष्ट खोटी नव्हती. खोटी असती तर बरं झालं असतं, कधीतरी कोणीतरी ती खोडून काढली असती.

हल्ली मी मुलाकडे पनवेलला असते. त्यांच्या टीव्हीवर रोज संध्याकाळी चार माणसं चौकटीत बसून ओरडतात. परवा त्यातला एक टाय घातलेला गृहस्थ सांगत होता, शत्रू सज्ज होताना दिसला की त्याच्या आधी वार करणं हा आत्मरक्षणाचाच भाग. नातू मला समजावायला लागला, ‘‘आजी, याला प्रीएम्प्टिव्ह स्ट्राइक म्हणतात.’’ मी म्हटलं, म्हणत असतील रे. हात उगारलेला दिसणं आणि हात उगारेल असं वाटणं, यात फरक असतो की नाही एवढं त्या टायवाल्याला कोणी विचारील म्हणून मी शेवटपर्यंत बसले. कोणी विचारलं नाही. मग मी दुधाची पिशवी फोडून दूध तापत ठेवलं.

तर त्या वर्षी उत्तरेला चीनने लढाई सुरू केली होती. गावात एकच रेडिओ, जेठाशेठच्या दुकानात, गुळाच्या ढेपेशेजारी. संध्याकाळी सगळे पुरुष तिथे. आमचे जवान मागे हटले, अमुक ठाणं गेलं, असं ऐकायचं आणि चुकचुकायचं. जेठाशेठ तराजू हातात धरून गुजराती मिसळत म्हणायचा, ‘‘आपने सुताज राह्या, हवालदार. झोपून राहिलो म्हणून मार खाल्ला.’’ मग सगळे बाबांकडे बघायचे. बाबा एरवी कमी बोलणारे, पण त्या महिन्यात त्यांना कंठ फुटला. आधीच मारायला हवं होतं, डोंगरावर रस्ता बांधताना दिसले तेव्हाच मारायला हवं होतं, असं ते रोज सांगत. लोक ऐकत. सदऱ्याची सगळी बटणं लावून ते दुकानात जायला लागले. आईला ते बघून हसू यायचं, मलाही यायचं. माणूस म्हातारपणी जरा मानाने मिरवतो आहे, मिरवू दे, असं आम्हाला वाटलं.

धाकट्या खारेशी आमचं गणपतीच्या सुमारास वाजलं होतं. कारण नेहमीचंच, उघाडीचं. आमच्या उघाडीतून सुटलेलं पाणी त्यांच्या बांधाच्या पायथ्याला धडका मारतं म्हणून. शिवीगाळ झाली, आणि त्यांच्यातला एक तिरसट म्हातारा ओरडला, ‘‘तुमचा बांध किती दिस टिकतो बघतोच.’’ असलं दर दोन-चार वर्षांनी व्हायचंच. दिवाळी झाली की फराळाच्या ताटांची देवाणघेवाण व्हायची आणि सगळे विसरायचे. त्या वर्षी फराळाची ताटं गेली नाहीत. लढाई चाललीय, फराळ कसले, असं ठरलं होतं. म्हणजे भांडण तेवढं शिल्लक राहिलं.

कार्तिकी पुनवेचं उधाण तोंडावर होतं. खारेतलं भात कापणीला आलेलं, अजून उभं. शेताला सगळ्यात जास्त जपायचे ते हे दिवस, कारण आता खारं पाणी शिरलं तर हातातोंडाशी आलेलं पीक तर जाईच, पण जमिनीत मीठ मुरून पुढली दोन-तीन वर्षंही काही पिकत नसे. बांध फुटला की जे भगदाड पडतं त्याला खांड म्हणतात. आणि आमच्याकडे एक पाळणूक होती. उधाण तोंडावर असताना खांड हा शब्द तोंडातून काढायचा नाही. नाव घेतलं तर समुद्राला वाट दाखवल्यासारखं होतं. कुठे गळती लागली, कुठे खेकड्यांनी पोखरलं, तरी एवढंच म्हणायचं की बांधावर काम आहे. काम किती मोठं, कुठल्या जागी, हे कोणी सांगायचं नाही आणि कोणी विचारायचं नाही. उठायचं आणि जायचं.

पुनवेच्या आदल्या दिवशी दुपारी यमूताई आली. ओहोटीच्या चिखलातून आलेली, पोटऱ्यांपर्यंत काळी. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, ‘‘बाबा, तुमची पहार द्या. आन् घमेली असतील तेवढी. बांधावर काम हाय.’’

बाबांची पहार त्या दोन्ही गावांत प्रसिद्ध होती. रुळाच्या लोखंडाची, माणसापेक्षा उंच. बांधाच्या पोटातल्या दगडगोट्यांत खुंट ठोकायला भोक पाडायचं तर तिच्याइतकी कामाची दुसरी नाही. दर वर्षी कोणीतरी न्यायचं, कोणीतरी आणून ठेवायचं.

‘‘कसलं काम?’’ बाबांनी विचारलं.

यमूताई त्यांच्याकडे बघतच राहिली. असं कोणी विचारत नसे. ‘‘काम हाय,’’ ती म्हणाली. ‘‘मामंजींनी सांगितलंय. मान्सं जमलीत, पेंढा आनलाय, खुंट तासून झालेत. तेवढी पहारच न्हाय.’’

‘‘पुनवेच्या तोंडावर?’’

‘‘म्हनूनच तर.’’

बाबा म्हणाले, ‘‘पहार घरात न्हाय. शेजारच्या पांडूनं नेलीय.’’

पहार त्यांच्या मागेच पडवीच्या कोपऱ्यात उभी होती. यमूताईने ती पाहिली, मी पाहिली, आईने पाहिली. आईने घाईघाईने चार भाकऱ्या आणि सुकट फडक्यात बांधून तिच्या हातात दिली, दोन घमेली दिली. मी तिला खाडीपर्यंत सोडायला गेले. वाटेत तिने विचारलं, ‘‘बाबांचं काय बिनसलंय ग? गनपतीतलं अजून धरून बसलेत?’’ मी म्हटलं, ‘‘रेडिओ ऐकत्यात.’’ ती हसली. घमेलं डोक्यावर पालथं घालून चिखलात उतरली आणि गेली.

घरी आले तर बाबा येरझाऱ्या घालत होते. आई चुलीपाशी उभी. ती हळू आवाजात सांगत होती, ‘‘अवो, उधानाच्या आधी पोर असं मागायला येते म्हंजे काय, तुमाला कळत न्हाय का?’’

‘‘कळतंय,’’ बाबा म्हणाले. ‘‘मान्सं जमलीत. खुंट तासलेत. आन् आता माजीच पहार पायजे. म्हंजे उद्या हत्यार त्यांच्याकडं आन् आपल्याकडं कायबी न्हाय. पोरीला पाठवलीन, म्हंजे मी न्हाय म्हननार न्हाय.’’

‘‘तसं न्हाय वो. त्यांच्याच बांधाला...’’ आई थांबली. तो शब्द तिच्या जिभेवर होता. चुलीकडे बघून तिने तो गिळला. उधाण उद्यावर आलं होतं आणि तिच्या लेकीचं शेत बांधाला लागून होतं, ती तो शब्द कसा उच्चारणार? ‘‘निदान जाऊन इचारून या,’’ एवढंच ती म्हणाली.

‘‘इचारायला गेलो की आपन जागे हाव ते त्यांना कळलं. मंग ते आजच येतील.’’

ज्याला वाटतं की समोरचा मारणारच, त्याला विचारायला जाणं हाच धोका वाटतो. त्याला कसं समजवायचं ते मला अजून कळलेलं नाही, आणि त्या टायवाल्यालाही कळलेलं दिसत नाही. खांड भरायला जी माणसं, जे खुंट, जी पहार लागते, तीच माणसं आणि तीच पहार खांड पाडायलाही लागते. लांबून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं.

संध्याकाळी जेठाशेठच्या दुकानात बाबांनी सगळं मांडलं. म्हाताऱ्याची धमकी, जमलेली माणसं, तासलेले खुंट, आणि पहार मागायला आलेली स्वतःची मुलगी. बाप आपल्या लेकीच्या सासरच्यांविरुद्ध बोलतोय म्हणजे खरंच असणार, असं सगळ्यांना वाटलं असावं. रेडिओवर त्या दिवशीही वाईटच बातमी होती. दुसऱ्या दिवशी पहाटे ओहोटी लागली तेव्हा बाबा पडवीतून निघाले. खांद्यावर पहार, मागे आठ-दहा जण फावडी घेऊन. आई अंथरुणात बसून होती. ती रडत नव्हती, नुसती बसून होती.

उजाडल्यावर ते परत आले. बाबांनी विहिरीवर पाय धुतले, चहा मागितला. चहाबरोबर रात्रीची भाकरी खाल्ली. त्यांना भूक लागली होती, ते मला चांगलं आठवतं. मग उन्हं चढली आणि आमची उघाडी धप्पकन मिटली. भरती लागली. आई तव्याकडे गेली नाही, तशीच दारात उभी राहिली. थोड्या वेळाने पलीकडून थाळी वाजायला लागली. एक, मग दुसरी, मग सगळ्या गावाच्या.

थाळी वाजली की खांड पडली. त्यासाठी शब्द लागत नाही. आणि थाळी ऐकू आली की कुठल्याही गावचा माणूस असो, वैर असो, सुतक असो, घमेलं घेऊन जायचं, अशी रीत. आईने कोपऱ्यातलं उरलेलं घमेलं उचललं आणि कोणाकडे न बघता खाडीकडे चालू लागली. मी तिच्यामागे. होडीत बसलो तेव्हा कळलं की बाबाही येतायत. हातात तीच पहार, तिला त्यांच्या बांधाची माती लागलेली. पहाटे त्यांच्याबरोबर गेलेले काही जणही मागून आले. कान थाळीच्या आवाजाला इतके सरावलेले की पाय आपोआप निघाले असावेत. मला दुसरा अर्थ लावता येत नाही.

होडी वळणावर आली आणि सगळं दिसलं. वळणापलीकडे, तिवरांच्या झाडीआड, आमच्या बांधावरून कधी दिसतच नसे अशा जागी, धाकट्या खारेच्या बांधाला नवे खुंट ठोकलेले होते. मध्ये पेंढ्याचे भारे, वरून ओली माती थापलेली. खेकड्यांनी पोखरलेली जागा त्यांनी पहारीवाचून, हातांनी, कोयत्यांनी, रात्रभर खपून बुजवली होती, आणि ती भक्कम धरली होती. पाण्याचा थेंब तिथून जात नव्हता. पाणी जात होतं ते अलीकडून, बाबांनी पहाटे फोडलेल्या जागेतून.

त्या फुटलेल्या जागेत बायका-पुरुष एकमेकांचे हात धरून कमरेएवढ्या पाण्यात उभे होते, रेटा जरा कमी व्हावा म्हणून. मधोमध यमूताई. तिच्या मागे तिच्या शेतातलं भात पाण्यावर आडवं होत चाललं होतं. बाबा होडीतून उतरले आणि पहार हातात घेऊन तिच्यासमोर आले. तिने पहारीकडे पाहिलं, तिच्या टोकाच्या मातीकडे पाहिलं. आपल्या शेताची माती माणूस ओळखतो. तिने रांगेतून एक हात सोडवला, पहार घेतली आणि म्हणाली, ‘‘काल मागितली व्हती, बाबा.’’

खांड त्या उधाणात भरली नाहीच. पाणी चार दिवस आत-बाहेर करत राहिलं आणि पिवळं भात काळं पडलं. अलिबागहून माणसं चौकशीला आली, दोन्ही गावांतलं कोणी तोंड उघडलं नाही, आणि बांध खेकड्यांनी पोखरल्यामुळे फुटला असं ठरलं. आमच्या गावाने त्या दिवसापासून बांधावर पहारा बसवला. आता ते नक्की येणार, असं सगळ्यांना वाटत होतं. दर उधाणाला पुरुष बांधावर झोपत, म्हणजे जागत. थंडीत कुडकुडत, पावसात घोंगडी पांघरून. बाबा तर घरी झोपायला यायचेच बंद झाले. कोणी आलं नाही. वर्षभर नाही, दुसऱ्या वर्षीही नाही. त्यांना वेळ नव्हता. दाजी, म्हणजे यमूताईचे यजमान, मुंबईला गोदीत कामाला गेले, ती सासऱ्यांबरोबर जमिनीतलं मीठ पावसाने धुतलं जायची वाट बघत राहिली. सकाळी ओट्यावर तिचं लुगडं दिसायचं. आई हात वर करायची. ती मान वर करत नसे.

मला बाबांचा राग आला होता. पुढे पुष्कळ वर्षं येत राहिला, आणि खरं सांगायचं तर आता त्या रागाचाच कंटाळा आला आहे. ते दुष्ट नव्हते. सखारामसाठी जे करायचं राहून गेलं होतं ते त्यांनी चुकीच्या खाडीवर केलं.

मग पाकिस्तानशी लढाई झाली. पुन्हा जेठाशेठचं दुकान भरलं, नवा मोठा रेडिओ आला. कोणीतरी बाबांना ओढून नेलं आणि विचारलं, ‘‘काय हवालदार, आपन आधी घुसायला पायजे व्हतं का?’’ बाबा म्हणाले, ‘‘माजं मत कोनी घेऊ नका,’’ आणि बांधावर जाऊन बसले. सदऱ्याची बटणं तोवर उघडी राहायला लागली होती.

त्याच वर्षी, कापणी आटोपल्यावर, यमूताई आली. आम्ही जेवायला बसणार होतो. एका खांद्यावर पहार, कमरेवर नव्या तांदळाचं टोपलं. पहार तिने पडवीच्या कोपऱ्यात, पूर्वीच्या जागी, भिंतीला टेकवून ठेवली. टोपलं आईपुढे ठेवलं. ‘‘शेत पिकलं,’’ ती म्हणाली. आईने तिला दोन्ही हातांनी धरून खाली बसवलं आणि मोठमोठ्याने रडली. मीही रडले.

बाबा भिंतीशी, दाराकडे तोंड करून बसले होते. तिथूनच ते म्हणाले, ‘‘मला वाटलं, तुमी येनार आमच्यावर.’’

‘‘येनारच व्हतो,’’ यमूताई म्हणाली. ‘‘पहार मिळाली न्हाय, रात झाली तरी काम हातानं उरकंना. मामंजी म्हनले, सकाळी जाऊन तुज्या बाबांनाच बोलवून आनू. खुंट बसवावा तर हवालदारानं.’’

आईने त्याच तांदळाचा भात रांधला. लाल, जाडा, वाफेला गोड वास. मी खाल्ला तो, मुळीच खारट नव्हता. बाबांनी दोन घास खाल्ले, तिसरा हातातच राहिला. ‘‘खारट लागतोय,’’ म्हणाले आणि ताट सारलं. यमूताईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, ताट आपल्यापुढे ओढलं आणि त्यातला सगळा भात, एक शीत न ठेवता, खाऊन संपवला.